एकच सर्टिफिकेट, एकाला अठ्ठावीस वर्षांनी आणि दुसऱ्याला दीड वर्षात

२०१९ च्या डिसेंबरमधे चाकणच्या पुढे एका साइटवर आम्ही आरपीएलचा कॅम्प घेतला होता, तीस जणांची बॅच. त्या तिसातले दोघं अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक अठ्ठावीस वर्षं थापी धरलेला मिस्त्री, दुसरा दीड वर्षापूर्वी गावाहून आलेला पोरगा. कॅम्प संपला तेव्हा दोघांना मिळालेला कागद अगदी सेम, नाव आणि फोटो सोडला तर काही म्हणजे काही फरक नाही. हे कसं झालं ते नीट लिहून काढतो, आणि त्यात माझा हात किती होता तेही सांगतो, कारण प्रकरण अभ्यास लिहायचा आणि स्वतःला अलगद बाजूला काढायचं हे काही बरं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरपीएल म्हणजे रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग. माणसाला जे काम आधीच येतंय ते परत शिकवत बसायचं नाही, परीक्षा घ्यायची, येत असेल तर सर्टिफिकेट द्यायचं. आयडिया एकदम रास्त आहे. २००७ मधे कामगार मंत्रालयाची स्किल डेव्हलपमेंट इनिशिएटिव्ह आली होती त्यातही थेट परीक्षा द्यायची सोय होती, पण खरा जोर आला तो पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत. योजना जुलै २०१५ ची, दुसरा टप्पा २०१६ ते २०२०, बारा हजार कोटी रुपये आणि एक कोटी लोकांचं टार्गेट. एक कोटी! एवढ्या लोकांना चार वर्षांत मुळापासून शिकवणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं, त्यामुळे ज्यांना आधीच येतंय त्यांना मोजून घेणं हा रस्ता सगळ्यांनाच सोयीचा वाटला, आम्हालाही.

त्या काळात प्रत्येक ट्रेनिंगमधे पहिल्या स्लाइडवर एक आकडा असायचा, २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणातला. औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेले कामगार भारतात ४.६९ टक्के, ब्रिटनमधे ६८, जर्मनीत ७५, जपानमधे ८०, दक्षिण कोरियात ९६. मी पण हा आकडा कितीतरी वेळा फेकलाय. पण तो नीट वाचला तर काय कळतं, तर आपल्याकडे शंभरातल्या ९५ लोकांकडे कागद नाही एवढंच. येत नाही असं कुठे म्हटलंय? हिंजवडीपासून खराडीपर्यंत जे टॉवर उभे राहिले ते काय कोरियातल्या लोकांनी येऊन बांधले का. आपल्याकडे गवंडीकाम बापाच्या, मामाच्या, नाहीतर मेव्हण्याच्या हाताखाली शिकतात, आधी घमेलं, मग विटा देणं, मग मिस्त्री जेवायला बसला की त्याची थापी उचलून चोरून दोन विटा लावून बघणं. आयटीआयला गवंडी ट्रेड आहे, एक वर्षाचा, पण आमच्या साइटवर तो केलेला माणूस मला अकरा वर्षांत एकदाही भेटला नाही.

माझं म्हणाल तर सिव्हिल डिप्लोमा, मग साइट सुपरवायझर, मग ट्रेनरची परीक्षा देऊन एका ट्रेनिंग पार्टनरकडे, म्हणजे योजनेचं ट्रेनिंग चालवणाऱ्या संस्थेकडे, कॅम्प घ्यायला लागलो.

आता साइट. जागा बिल्डरची, काम ठेकेदाराचं, माणसं मुकादमाची. ही उतरंड लक्षात ठेवा कारण पुढे सगळं इथेच अडकतं. मिस्त्री परभणी जिल्ह्यातला, वय पन्नासच्या आसपास, शाळा दुसरीपर्यंत, सही करतो पण वाचता येत नाही. बायको त्याच साइटवर बिगारी. सगळे तिला मावशी म्हणायचे म्हणून मीही मावशीच म्हणायचो. मिस्त्रीच्या हाताखाली चार माणसं. नऊ इंची भिंत, चार इंची भिंत, सिपोरेक्सचे हलके ब्लॉक, आतला गिलावा, बाहेरचा गिलावा, गच्चीचा वाटा, कोबा, टाइल्स, सगळं करायचा. ड्रॉइंग वाचता यायचं नाही पण इंजिनियरनं एकदा तोंडी सांगितलं की खोलीला विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती, दिवस किती, हे तो उभ्या उभ्या सांगायचा आणि फार तर अर्ध्या गोणीचा फरक पडायचा. हजेरी ८०० रुपये. बिगाऱ्याला ५००. मावशीला ४५०, का ते विचारू नका, मी विचारलं होतं तर मुकादम नुसता हसला.

तो पोरगा त्यांच्याच भागातला, बारावी झालेला, भरतीच्या नादात दोन वर्षं घालवून शेवटी साइटवर आलेला. हुशार होता, मेहनती पण होता, पण गवंडी नव्हता. विटा द्यायचा, माल कालवायचा, कधीमधी मिस्त्री त्याला चार इंची भिंतीवर हात साफ करू द्यायचा.

तर पोरगा बॅचमधे आला कसा? आमच्या पार्टनरला मंजुरी होती 'मेसन जनरल' या जॉब रोलची, म्हणजे पूर्ण गवंड्याच्या कामाची, लेव्हल ४ (लेव्हलचं पुढे सांगतो), बॅच तीसची. साइटवर खरे मिस्त्री निघाले एकोणीस. फार ताणलं तर एकवीस. मी ऑफिसला फोन करून सांगितलं एकवीसच आहेत, तिकडून उत्तर आलं बॅच भरा. मग मुकादमानं नऊ बिगारी उभे केले आणि मी त्यांच्या फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात जे लिहायचं ते लिहिलं. हे माझ्या हातानं झालंय. तेव्हा मनाशी म्हणालो, गरिबाला एक कागद मिळतोय, दोन लाखांचा अपघात विमा मिळतोय, पास झाला तर पाचशे रुपये, कोणाचं काय बिघडतंय.

मावशीला घ्या असंही मी म्हणालो होतो. नऊ जागा भरायच्याच आहेत तर ती का नाही? त्या साइटवर मालाचं प्रमाण खरं कोण सांभाळायचं तर ती. क्रश सँड ओली आहे का कोरडी हे मुठीत दाबून बघायची आणि त्याप्रमाणे पाणी कमी जास्त करायची, एक भाग सिमेंटला सहा भाग सँड, म्हणजे एकाला सहा, कालवायला सांगितलं तर एकाला सहाच कालवायची, मुकादम एकाला आठ कर म्हणाला तरी. मुकादम म्हणाला बाई मिस्त्री कशी काय होईल साहेब. वर परत तोच म्हणाला की सगळे वर परीक्षेला गेले तर खाली माल कोण कालवणार. झालं, विषय संपला.

ओरिएंटेशन बारा तासांचं होतं. सहा तास कामाचं, बाकीचे वागणं-बोलणं, सुरक्षा आणि परीक्षा कशी असते यासाठी. आम्ही ते दोन दिवसांत बसवलं, ठेकेदारानं अर्ध्या हजेरीवर मान्य केलं, म्हणजे बाकीची अर्धी हजेरी कामगारानं स्वतःच्या खिशातून घातली असाच हिशोब धरा. पाचशे रुपये बक्षिसाचं कौतुक सगळे करायचे पण मिस्त्रीचे दोन दिवसांचे आठशे तिथेच बुडाले होते.

ते बारा तास मात्र माझ्यासाठी फार भारी गेले, कारण शिकवणारा मी आणि शिकलोही मीच. माझ्या पुस्तिकेत लिहिलेलं की काटकोन कसा काढावा. मी गुण्या दाखवला. मिस्त्री म्हणाला गुण्या लहान पडतो सर, खोलीला दोरी लागते. त्यानं दोरीला गाठी मारल्या, एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, आणि समोरची पाच भरली की काटकोन. ह्याला काय म्हणतात माहितीय का विचारलं तर म्हणाला तीन-चार-पाच म्हणतात, अजून काय म्हणायचं. लेव्हल काढायला पाण्याची नळी. तर ती नळी भरताना आत बुडबुडा राहिला तर सगळी इमारत तिरकी जाते हे त्यानं त्या पोराला ज्या पद्धतीनं समजावलं तसं मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत कोणी समजावलं नव्हतं. गिलावा धरावा म्हणून काँक्रीटला टाचे मारायचे, पण कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर नुसते टाचे पुरत नाहीत, तिथे जाळी लागते, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात भेग येणार. उन्हाळ्यात वीट भिजवताना किती भिजवायची, तर बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, आणि मग पाणी निथळू द्यायचं, निथळू दिलं नाही तर वीट मालावर तरंगते. हे 'तरंगते' हा शब्द मी तेव्हापासून वापरतोय.

सुरक्षेच्या तासाला मी हेल्मेट आणि सेफ्टी बेल्टवर बोललो तर सगळे गप्प. मग एक जण म्हणाला बेल्ट दोन आहेत सर, आणि परांचीवर माणसं चौदा. त्यावर माझ्याकडे स्लाइड नव्हती.

परीक्षेचा दिवस. परीक्षक बाहेरून आलेला, असेसमेंट एजन्सीचा, परराज्यातला, हिंदी बोलणारा, माणूस सज्जन. सकाळी नऊला आला आणि संध्याकाळी साडेपाचला त्याला गाडी गाठायची होती. जरा हिशोब करा. तीस माणसं, जेवण सोडून आठ तास धरले तर एका माणसाला सोळा मिनिटं. सोळा मिनिटांत थिअरी, तोंडी, प्रॅक्टिकल, फोटो, व्हिडिओ, आधार जुळवणं. भिंतीचा एक कोपरा चार थर उचलायचा तर चांगल्या मिस्त्रीलासुद्धा माल, पाणी, ओळंबा धरून त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पाच पाच जणांचे गट केले, आणि गटात काय होतं हे सांगायला नको, ज्याला येतं तो बांधतो आणि बाकीचे विटा देतात, रोजच्यासारखंच. व्हिडिओत सगळे भिंतीभोवती उभे.

थिअरी टॅबवर. प्रश्न मराठीत होते म्हणे. 'प्लंब बॉबचा उपयोग कशासाठी होतो?' आता 'प्लंब बॉब' हे देवनागरीत लिहिलं म्हणून मराठी झालं का? मिस्त्रीला वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवला. त्यानं डोकं हलवलं, माहीत नाही. त्याच्या पिशवीत ओळंबा होता, वडलांचा, लोखंडी, अठ्ठावीस वर्षं तो ओळंबा रोज हातात धरणारा माणूस ओळंब्याच्या प्रश्नाला चुकला. मी सांगू शकत होतो, पण परीक्षक समोर होता. 'क्युरिंग' पण गेलं, कारण साइटवर त्याला पाणी मारणं म्हणतात. 'फ्लेमिश बॉन्ड' ही विटा रचायची एक पद्धत, तेही गेलं, ते मात्र त्याला खरंच माहीत नव्हतं, ते आमच्याकडे कोणी बांधत पण नाही. पोरगा बारावीचा, त्यानं टॅब घेतला आणि धडाधड टिका मारल्या. थिअरीत पोराला मिस्त्रीपेक्षा जास्त मार्क.

प्रॅक्टिकलमधे मिस्त्री अर्थातच पुढे. पण बेरीज केली की दोघं पास. तिसाच्या तीस पास.

सर्टिफिकेट वाटपाला टोप्या, जॅकेट, मागे बॅनर, बिल्डरचा माणूस, फोटो. मिस्त्रीनं कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पोराला म्हणाला ह्यावर काय लिहिलंय वाच. पोरानं वाचलं. मग म्हणाला आता तुझं वाच. त्यानं तेही वाचलं. मिस्त्री माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मंग माझ्यात अन् ह्या पोरात फरक काय राह्यला सर?" रागानं नाही, हसतच. मी काहीतरी ग्रेडबिडबद्दल बोललो.

इथे जरा थांबून आराखड्याबद्दल. आपला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २७ डिसेंबर २०१३ ला अधिसूचित झाला. तेव्हा दहा लेव्हल होत्या, २०२३ मधे आठ केल्या. लेव्हल म्हणजे नुसतं हाताचं काम नाही, माणूस जबाबदारी किती घेतो तेही त्यात बघायचं असतं. लेव्हल ४ चा माणूस स्वतःच्या कामाची जबाबदारी घेतो. आमचा मिस्त्री चार माणसांच्या कामाची घेत होता, माल मागवत होता, चुकलेली भिंत पाडायला लावत होता. म्हणजे कागदावरच्या व्याख्येनंच तो चारच्या वर बसत होता, आणि पोरगा चारच्या खाली, असिस्टंट मेसनच्या आसपास. आराखड्यात दोघांना वेगवेगळ्या जागा होत्या! आराखडा चुकला नाही, बॅच चुकली. जॉब रोल आधी मंजूर होतो आणि माणसं नंतर शोधली जातात, त्यामुळे माणसाला काय येतं हा प्रश्न कुठेच विचारला जात नाही, मंजूर साच्यात किती माणसं बसतात एवढाच विचारला जातो. आधीच्या शिक्षणाला मान्यता म्हणायचं आणि आधी काय शिकलास हेच विचारायचं नाही, असा प्रकार.

लोक म्हणतात आपल्याकडे सगळं असंच, बाहेर बघा. बाहेरचं थोडं बघितलंय मी, आणि ही सेक्टर स्किल कौन्सिल (एकेका उद्योगाची कौशल्य परिषद), ऑक्युपेशनल स्टँडर्ड (कुठल्या कामात काय यायला हवं ते) वगैरे शब्द आपण ब्रिटिशांकडूनच उचललेत. त्यांच्याकडे १९८६ पासून एनव्हीक्यू, म्हणजे नॅशनल व्होकेशनल क्वालिफिकेशन, आली, जिथे कामाच्या जागी येऊन बघून पात्रता द्यायची. मग २००८ मधे क्यूसीएफ, म्हणजे क्वालिफिकेशन्स अँड क्रेडिट फ्रेमवर्क, आणलं, प्रत्येक पात्रता युनिटांत तोडली, शिकण्याच्या दहा तासांना एक क्रेडिट, बारा क्रेडिटपर्यंत अवॉर्ड, तेरा ते छत्तीस सर्टिफिकेट, सदतीसच्या पुढे डिप्लोमा, म्हणजे माणसानं थोडं थोडं कमावत साठवत जायचं, नोकरी बदलली तरी वाया जायचं नाही. ऐकायला किती छान. पण युनिटं साठवून पुढे नेणारे लोक फार थोडे निघाले, आणि २०१५ च्या ऑक्टोबरमधे ते नियम गुंडाळून साधी चौकट आणली. सात वर्षं.

त्यांच्या बांधकामातली गोष्ट मला जास्त भिडते. तिकडे मोठ्या साइटवर जायला सीएससीएस (कन्स्ट्रक्शन स्किल्स सर्टिफिकेशन स्कीम) कार्ड लागतं, १९९५ पासून, मजुराचं हिरवं, कुशल कामगाराचं निळं, त्यावरचं सोनेरी. सुरुवातीला जुन्या माणसांना मालकाच्या शिफारशीवर कार्ड मिळायचं, अनुभव आहे ना, झालं. २०१० ला नवीन लोकांसाठी हा दरवाजा बंद केला, आणि ज्यांच्याकडे ती जुनी कार्डं होती ती सगळी २०२४ च्या ३१ डिसेंबरला संपवली. आता कार्ड टिकवायचं तर आपल्या कामाची पात्रता घ्या, आणि ती घ्यायला शाळेत जायची गरज नाही, परीक्षक साइटवर येतो, काम चालू असताना बघतो, फोटो, कागदपत्रं, सुपरवायझरची साक्ष गोळा करतो. साठीच्या जवळ आलेल्या गवंड्यांना याचा किती त्रास झाला असेल याची कल्पना येते, आयुष्य गेलं आणि आता सिद्ध कर म्हणे. पण एक गोष्ट कबूल करावी लागेल, त्या कार्डाचा रंग बघून मोठ्या साइटच्या गेटवर फरक पडतो. आपल्या सर्टिफिकेटनं गेटवर काही होत नाही.

कारण आपल्याकडे खरी परीक्षा मुकादम घेतो. नवीन मिस्त्री आला की 'हात दाखव' म्हणतात. अर्धा दिवस भिंत बांधून घेतात, गिलावा मारून घेतात, पट्टी फिरवतात, आणि मग रेट ठरतो. बऱ्याचदा त्या अर्ध्या दिवसाचे पैसेही देत नाहीत. आरपीएल म्हणतात ती ही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि बऱ्यापैकी अचूक. फक्त तिचा निकाल पुढच्या साइटवर चालत नाही, दर वेळी परत हात दाखवायचा. सरकारी कागदानं करायचं होतं ते नेमकं एवढंच, हा अर्धा दिवस वाचवायचा आणि निकाल सोबत न्यायची सोय करायची.

आणि ते का झालं नाही हे मला त्या पोरानं दाखवलं. कॅम्पनंतर महिनाभरात तो दुसऱ्या मुकादमाकडे गेला, सर्टिफिकेट दाखवलं, मिस्त्री आहे म्हणून सांगितलं. मुकादमानं कौतुकानं ठेवून घेतला, मिस्त्रीच्या रेटनं. तिसऱ्या दिवशी इंजिनियरनं ओळंबा लावला तर भिंत बाहेर, पाडली. पोरगा परत बिगारीवर आला आणि त्यात त्याची फार चूक होती असं मला वाटत नाही, त्याला आम्हीच लिहून दिलं होतं की तू मिस्त्री आहेस. पण तो मुकादम तेव्हापासून म्हणायला लागला कागदवाले नकोत. आमच्या बॅचमधला एक खरा मिस्त्री नंतर त्याच्याकडे गेला तर त्यालाही कागद आत ठेवायला सांगून हात दाखवायला लावला. नऊ जणांना खिरापत वाटली आणि एकवीस जणांचा कागद मातीमोल झाला. गरिबाचं काय बिघडतंय म्हणत होतो ना मी, हे बिघडलं.

मिस्त्रीची हजेरी ८०० ची ८०० राहिली. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला मी तर त्याला आधीपासूनच कुशल धरतो. आपल्याकडे किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग असतात, पण कोण कुठल्या वर्गात हे मस्टर लिहिणारा ठरवतो, आणि तिथे लेव्हल ४ चा शिक्का बघायची सक्ती आमच्या ठेकेदाराला कोणी केलेली नव्हती. मावशी तर अकुशलच.

मग आला मार्च २०२०. साइट बंद झाली, अर्धे लोक चालत निघाले. त्या कॅम्पच्या गडबडीत मी आणखी एक काम केलं होतं, कागद जमा होतेच म्हणून काही जणांचे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे फॉर्म भरून घेतले होते. तिथे नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुकादमानं फक्त नऊ जणांना सही दिली, बाकीच्यांना नाही, पण त्या नवात मिस्त्री होता. एप्रिलमधे राज्यानं नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांना दोन हजार रुपये जाहीर केले आणि मिस्त्रीच्या खात्यात आले. त्यानं गावाहून फोन केला, "सर, त्या टोपीवाल्या कागदाचे पैसे आले." मी म्हणालो मिस्त्री, ते दुसऱ्या कागदाचे. नव्वद दिवस काम केल्याचा साधा दाखला कामाला आला. अठ्ठावीस वर्षांचा कागद पत्र्याच्या पेटीत.

त्यानंतर मी ऑफिसला लिहून दिलं की पुढच्या कॅम्पला काय बदलायचं. साइटवर आधी एक दिवस नुसतं फिरायचं, कोण काय करतंय ते बघायचं आणि मग जॉब रोल मागायचा, दोन रोल लागले तर दोन. प्रश्नांत ओळंबा, गुण्या, रंधा, पाणी मारणं हेच शब्द ठेवायचे, आणि वाचता येत नसेल त्याची तोंडी परीक्षा रेकॉर्ड करायची. मिस्त्रीच्या मोबाइलमधे आधीच्या कामांचे फोटो असतातच, बाहेरचा गिलावा, जिना, वाटा, ते आणि मागच्या दोन ठेकेदारांचे फोन नंबर, हे पुरावा म्हणून धरायचं. परीक्षकाला दिवसाला दहाच माणसं. माल कालवणाऱ्यांची वेगळी परीक्षा, म्हणजे मावशीसारख्या बायका त्यात येतील. आणि काही लोक नापास होऊ द्यायचे. शेवटच्या मुद्द्यावर ऑफिसातला माझाच मित्र म्हणाला वेडा आहेस का, नापासाचे पैसे कोण देणार. त्याचं बरोबर होतं. पार्टनरला तेव्हा पैसे मिळायचे ते पास झालेल्या माणसामागे, मग नापास करायचं कोणाच्या हिताचं आहे? जोपर्यंत परीक्षा घेतल्याचे पैसे मिळत नाहीत, निकाल काहीही लागो, तोपर्यंत तिसाचे तीस पासच होणार, परीक्षक कितीही सज्जन असला तरी.

२०२३ मधे क्रेडिटचा नवा आराखडा आला, त्यात तीस तासांना एक क्रेडिट, आणि संबंधित अनुभवाला वजन देऊन क्रेडिट दुपटीपर्यंत नेता येतात असं म्हटलंय. वाचून बरं वाटलं. पण अनुभव किती वर्षांचा हे सिद्ध कोण करणार, मिस्त्रीकडे अठ्ठावीस वर्षांची ना एक पगारपावती ना एक पत्र. त्यानं बांधलेल्या बिल्डिंगी आहेत, पण त्या काय अर्जाला जोडता येतात.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला विश्वकर्मा योजना सुरू झाली, अठरा व्यवसाय, त्यात राजमिस्त्री आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे पाचशे, पंधरा हजारांची हत्यारं, पुढे पाच टक्क्यांनी कर्ज. मिस्त्री आता गुडघ्यांमुळे परांचीवर फार चढत नाही, पुण्याच्या आसपासच्या गावांत घरांची छोटी कामं स्वतःच घेतो, त्यामुळे त्याला हे बरोबर लागू पडत होतं. त्यानं फोन केला. मी म्हणालो भरा. तर फॉर्म भरायला बसल्यावर दोन गोष्टी निघाल्या. एका कुटुंबात एकालाच नोंदणी, नवरा किंवा बायको. त्यानं मला विचारलं, "हिचं टाकू का माझं?" हिचं टाकलं तर कुठल्या व्यवसायात टाकणार, माल कालवणं अठरात नाही. शेवटी त्याचंच टाकलं.

दुसरं म्हणजे पहिली पडताळणी गावात, ग्रामपंचायतीत. आधारवर परभणीचा पत्ता. सरपंच नवीन, तिशीतला पोरगा. त्यानं अर्ज बघितला आणि म्हणाला काका तुम्ही तर पुण्याला असता, तुम्ही गवंडी आहात हे मी कसं लिहून देऊ, गावात तुमचं एक काम दाखवा. गावात त्याचं काम नव्हतं. त्याचं स्वतःचं घर अजून कुडाचंच आहे.

पेटीतला तो टोपीवाला कागद काढून दाखवला का म्हणून मी विचारलं. दाखवला म्हणाला. सरपंचानं विचारलं हे काय आहे.

मागच्या आठवड्यात तो गावाला गेलाय, ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीचा गिलावा फुकट करून देतो म्हणालाय.